आमच्या घरची अर्धी देख

दुपारी शाळेत शिकवून परत येताना आमच्या वाडीच्या पायवाटेला लागले की मला पपांचं हसणं ऐकू यायचं आणि तिथेच माझी भूक मरायची. पपा हसत होते यात वाईट काही नव्हतं. डोळे गेल्यापासून त्यांनी हसणं जवळजवळ सोडून दिलं होतं. वाईट हे होतं की ते माझ्यामुळे हसत नव्हते. माझ्या भावाच्या बायकोमुळे हसत होते.

पपा प्राथमिक शाळेत मास्तर होते. काचबिंदूने त्यांची नजर बाजूंनी खात आणली आणि निवृत्तीच्या सुमाराला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं उरलं. ज्या माणसाने आयुष्यभर वाचलं आणि दुसऱ्यांना वाचायला लावलं, त्याच्यावर ही वेळ यावी याबद्दल मला देवाचाही राग येत असे. पण तो राग मी कामाला लावला होता. संध्याकाळचा तेर्स म्हणजे जपमाळ संपली, की मी त्यांच्या डाव्या हाताला बाकड्यावर बसून त्यांना वाचून दाखवायचे. डाव्या कानाने त्यांना जास्त चांगलं ऐकू यायचं. ती जागा माझी होती.

आमच्या घरात पुस्तकं फारशी नव्हती. पत्रकं होती. मुंबईहून सुतळीने बांधलेला गठ्ठा यायचा. चार पानी, आठ पानी, पिवळट कागदाची, कडेला शाई फुटलेली. रविवारची मिस्सा म्हणजे उपासना सुटली की पपा चर्चच्या पायरीवर उभे राहून ती वाटायचे आणि मी लहानपणापासून गठ्ठा धरून त्यांच्या शेजारी असायचे. दारूने घर कसं बुडतं, हुंडा देऊ आणि घेऊ का नये, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत का द्यावी, प्रार्थना करताना मन भटकतं त्याचं काय करावं. मला अक्षरं त्यांच्यावरच आली. कमळाच्या आधी मी कर्तव्यातला क ओळखला. इतर मुली बाहुल्यांची लग्नं लावायच्या त्या वयात मला हुंड्याविरुद्धचं पत्रक तोंडपाठ होतं, आणि वाडीतल्या एका लग्नात मी ते मांडवात उभी राहून म्हणूनही दाखवलं होतं. मांयने मला दंडाला धरून घरी आणलं. पपांनी मात्र त्या संध्याकाळी मला गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं, कोरं करकरीत पत्रक दिलं.

माझा विश्वास अशा कागदांवर वाढला. पत्रक शेवटी तुमच्याकडे बोट करतं आणि विचारतं, हे कळलं ना, मग आता तू काय करणार? मला तो प्रश्न आवडायचा. ज्या देवाला माझ्याकडून काही अपेक्षाच नाही, तो देव माझ्या काय उपयोगाचा? विशीत पोचेपर्यंत मी स्वतः पत्रकं लिहायला लागले होते. चर्चच्या ऑफिसात सायक्लोस्टाईलचं यंत्र होतं आणि आमचे फादर, शाई मी भरायची या अटीवर, ते मला वापरू देत. प्रत्येक पत्रक आधी पपांना वाचून दाखवायचं हा नियम होता. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "दुसरो परिच्छेद काढून टाक. थंय तू स्वतःवरच खूश झालंस." मी तो काढत असे.

वहिनी आली ती वेंगुर्ल्याच्या बाजूची. भाऊ मुंबईत एका कारखान्यात कामाला होता, त्याला अजून खोली मिळाली नव्हती, म्हणून लग्नानंतर तो एकटाच परत गेला आणि ती आमच्याकडे राहिली. आमच्या भागात हे नेहमीचंच. तिने एक पत्र्याची ट्रंक आणली होती. त्यात साड्या कमी आणि पुस्तकं जास्त, सगळी संतांच्या कथांची आणि एकूणएक फाटकी. कुणाला पुठ्ठा नाही, कुणाला सुरुवात नाही, कुणाला शेवट नाही. मी शाळेत असायचे तेव्हा दुपारी ती पपांजवळ बसून यातलं वाचायला लागली. माझ्या बाकड्यावर.

पहिल्यांदा मी सरळ विचारलं.

"काय वाचत होतंस गो वयनी?"

"संताची गजाल."

"खंयच्या संताची?"

"पयली पानां फाटलीसत बाय. नाव म्हायत नाय. पण माणूस बरो होतो."

पपा पुन्हा हसले. मी पुस्तक हातात घेऊन ती वाचत होती ते पान पाहिलं. तिने सांगितलेल्यातलं निम्मं त्या पानावर नव्हतं. गाढव नव्हतं, गाढवावरून पडलेली सासू नव्हती, सासूने देवाला घातलेल्या शिव्या तर नव्हत्याच.

"ह्या हंय खंय लिवलासा?" मी विचारलं.

"कंटाळ्याचा आसा ता मी गाळतंय आणि त्याच्या जागेर काय तरी घालूचा लागता," ती म्हणाली. "नाय तर पान रिकामा दिसता."

मी पपांकडे पाहिलं. ज्यांनी माझे परिच्छेद काढले, ते यावर काही बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "तुझ्या पत्रकातली सगळी माणसां चुकतत गो. हिच्या गजालीत एकादो तरी पोटभर जेवता."

हे वाक्य मला इतकं लागलं की त्या संध्याकाळी मी त्यांना काहीच वाचून दाखवलं नाही. डोकं दुखतंय म्हणाले. त्यांनी मला आग्रह केला नाही, हे जास्त लागलं.

ऑक्टोबरात आमच्या वाडीत सायबीण फिरते. म्हणजे मारियेची मूर्ती. ती एका घरी एक दिवस राहते आणि दुसऱ्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत तिला शेजारच्या घरी पोचवतात. ज्या घरी ती येते तिथे सगळी वाडी जमते. तेर्स होतो, लदीन म्हणजे मारियेची आळवणी गातात, आणि मग त्या घराने एक देख द्यायची असते. देख म्हणजे उदाहरण, देवाने कुणाला कसं सावरलं त्याची एखादी हकीगत. त्यानंतर उकडलेले चणे खायचे आणि घरी जायचं. आमच्या घरची देख पपा पत्रकातून वाचत. त्यांचे डोळे गेल्यावर गेल्या वर्षी ती मी वाचली होती. या वर्षी मी नुसती वाचणार नव्हते, मी लिहिली होती. आंब्याच्या दिवसांत आमच्या बाजूच्या बायका देवगडच्या बागांत जातात. काम तेवढंच, पण हातात पैसे पुरुषांपेक्षा कमी, आणि तेही हंगाम संपल्यावर, मालकाच्या सवडीने. त्यावर मी चार पानं लिहून, छापून, गठ्ठा तयार ठेवला होता. आमच्या वाडीचा भाटकार, म्हणजे ज्याच्या जमिनीवर निम्मी वाडी राहत होती आणि ज्याची देवगडला बाग होती, तो दरवर्षी लदिनीला यायचा आणि पुढे बसायचा. त्याच्या तोंडावर मी ते वाचणार होते. आठवडाभर मी त्याची तालीम केली होती.

सायबीण यायच्या दिवशी सकाळी पपा म्हणाले, "देख ह्या वर्सा वयनी सांगतली."

मी शेणाने अंगण सारवत होते. तशीच हात भरलेली उभी राहिले.

"कित्याक?"

"ऐकाक बरा वाटता म्हणान."

"देख बरी वाटूक व्हयी असा खंय लिवलासा?"

"खंयच लिवलेला नाय. म्हणान तर तोंडान सांगतंय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, "तू वाचतंस तेव्हा माणसां खाली मान घालून बसतत. माका दिसत नाय, पण ऐकाक येता."

मी पुन्हा सारवायला बसले. बोलले असते तर रडले असते, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात चणे निवडत बसलेली होती.

संध्याकाळी घर भरलं. भाटकार पुढे बसला, त्याच्यामागे वयाने मोठी माणसं, मग बायका. लदीन झाली. वहिनी मूर्ती ठेवलेल्या आल्ताराशेजारी उभी राहिली, हातात कागद नाही, पुस्तक नाही. तिच्या माहेरच्या बाजूला पिंगुळीचे चित्रकथी यायचे, चित्रं दाखवत कथा सांगणारे; लहानपणी त्यांच्यापुढे बसून तिने एक युक्ती चोरली होती, हे तिने मला नंतर सांगितलं. एक चित्र खाली ठेवायचं आणि दुसरं उचलायच्या आधी थांबायचं. लोक पुढे सरकेपर्यंत थांबायचं.

"एक तारीण होती," तिने सुरुवात केली.

तारीण म्हणजे खाडीतून माणसं पलीकडे नेणारी होडीवाली. चर्च खाडीपलीकडे. रविवार आला की सगळा गाव मिस्सेला जायला तिच्या होडीत बसणार, आणि मिस्सा सुटल्यावर परत यायला पुन्हा तिच्याच होडीत. मग ती मिस्सेला कधी जाणार? ती काठावर होडी धरून बसून राहायची. चर्चची घंटा तिला ऐकू यायची, गाणी अर्धवट ऐकू यायची, शब्द नाहीत. म्हणून परतीच्या खेपेला ती प्रत्येकाला विचारायची, आज फादरने काय सांगितलं? कुणी एक वाक्य द्यायचं, कुणी दोन. दारुडा विसरून जायचा आणि काहीतरी स्वतःचं द्यायचा. म्हातारीला फक्त सुरुवात आठवायची, कारण मग तिला झोप लागायची. ते सगळं ती वल्हं मारता मारता जोडायची. अशी तिची वर्षं गेली. देवाची सगळी हकीगत तिच्यापाशी होती, पण सगळी दुसऱ्यांच्या तोंडून, तुकड्या-तुकड्यांनी आलेली.

"मगे एका रविवारी," वहिनी म्हणाली, "मिस्सा सुरू झाली आणि तिणा वल्हा होडीत ठेवल्यान. होडी माडाक बांधल्यान. आणि ओलेच पाय घेवन चर्चची पायरी चढली. उशीर झालेली माणसां अल्याडच्या काठार उभी, हाका मारतत, तिणा मागे वळान बघूक नाय. दारात पोचली. आत फादर शुभवर्तमान वाचूक उभे रवले."

ती थांबली. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. भाटकार पुढे वाकला होता. आमच्या शेजारची म्हातारी, जी सगळ्यांच्या देखींमध्ये पेंगते, ती टक्क जागी होती. मी स्वतः श्वास धरला होता, आणि ते कळल्यावर मी मुद्दाम मोठ्याने श्वास सोडला.

"मगे?" म्हातारीने विचारलं.

"फुडचा माका म्हायत नाय," वहिनी म्हणाली आणि खाली बसली.

एकच गलका झाला. कुणी हसलं, कुणी चिडलं. म्हातारीला तो अपशकुन वाटला. ती म्हणाली, "अर्धी देख सायबिणीवांगडा धाडूची नसता गो. घराक लागता ती."

"सायबिणीक फुडचा म्हायत आसा," वहिनी म्हणाली. "माका समजला काय तुमका सांगतंय."

पपा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेवढ्यात मांय आतून चणे घेऊन आली. बशा कमी पडल्या होत्या. तिने दाराजवळ ठेवलेल्या गठ्ठ्यातला एकेक कागद उचलून त्याचे सुबक पुडे वळले होते आणि त्यांत गरम चणे भरले होते. मजुरीवरची माझी चार पानं घरभर फिरली. भाटकाराने आपल्या पुड्यातले चणे संपवले, तळाचं खोबरं बोटाने काढून खाल्लं आणि मांयला म्हणाला, "चणे बरे झालेसत हां." मग कागद चुरगाळून खिडकीबाहेर टाकला.

सगळे गेल्यावर मी वहिनीला मोरीपाशी गाठलं.

"तू ती गजाल घडयलंस."

"मगे?"

"देख खरी असाक व्हयी."

"तारीण खोटी आसा?" तिने टोप घासता घासता विचारलं. "तुका दिसली नाय ती? ओल्या पायांची?"

मला दिसली होती. हाच तर संताप होता. माझ्या पत्रकात बागेतल्या बायका होत्या, खऱ्या, आमच्याच वाडीतल्या, आणि त्या कुणाला दिसल्या नव्हत्या. आणि जी कधी नव्हतीच ती होडीवाली घराघरात जाऊन बसली. पुढच्या प्रत्येक घरी, सायबीण जाईल तिथे, देख झाली की कुणीतरी विचारणार: आणि त्या तारणीचं काय झालं? विहिरीवर बायका वहिनीला अडवायच्या. फादरांनीही एकदा मला विचारलं, "तुमच्या घरची ती देख पूर्ण झाली का?" माझ्या पत्रकाबद्दल त्यांनी विचारलं नाही. शाई मात्र नेहमीप्रमाणे मीच भरली होती.

दुपारच्या वेळी वहिनी पपांना तारणीचंच सांगू लागली. पण पुढे जायची नाही. मागे जायची. तारणीचं लहानपण, तिचा बाप, तिला होडी कशी मिळाली. चर्चचं दार तसंच, तारीण दारात तशीच. पपा रोज विचारायचे आणि ती रोज टाळायची. माझ्या मते तिला पुढचं खरोखरच सुचत नव्हतं, आणि हे मी पपांना सांगितलंही. ते म्हणाले, "सुचात. घाई कसली?" माझ्या पत्रकांच्या बाबतीत त्यांनी इतका धीर कधी धरला नव्हता.

नाताळच्या आधी भावाला खोली मिळाली आणि नाताळ होताच तो तिला न्यायला आला. आम्ही सगळे एस.टी.च्या थांब्यावर गेलो. पपा माझा हात धरून आले होते.

"फुडचा सांगून जा गो," ते तिला म्हणाले.

"मे म्हयन्यात येतंय तेव्हा," ती गाडीच्या खिडकीतून म्हणाली. "तवसर तिका दारात रवांदे."

गाडी वळणाआड गेली आणि मला इतकं हलकं वाटलं की मी परतीच्या वाटेवर गुणगुणत होते.

त्या संध्याकाळी मी माझ्या जागेवर बसले. नवं पत्रक वाचलं. पपांनी ऐकलं, "बरा आसा" म्हणाले. दुसऱ्या दिवशीही बरा आसा. एकही परिच्छेद काढायला सांगत नव्हते. जो माणूस माझं एकेक वाक्य तासून घ्यायचा, तो आता माझ्याशी सभ्यपणे वागत होता. मला जागा परत मिळाली होती, कान मिळाला नव्हता.

शेवटी एकदा, मी वाचत असतानाच, ते म्हणाले, "ती अजून दारात उभी आसा. थंडीत. पाय ओले आसत."

"कोण?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं.

"तू तिका आत घे."

"ती वयनीची आसा. मी गजाली सांगणंय नाय."

"वयनी मुंबयत आसा. तू हंय आसस."

मी नाही म्हटलं. दोन-तीन दिवस नाहीच म्हणत राहिले. मग रागाच्या भरात सांगून टाकलं. तारीण आत गेली, इकडे काठावरची माणसं खोळंबली, त्यांत होडीचा मालक भाटकार होता, त्याने तिला दंड केला, ती उभी राहिली आणि म्हणाली की कष्टकऱ्यालाही रविवार असतो.

पपांनी मान हलवली. "ह्या पत्रक झाला. ती तशी बोलाची नाय. इतक्या वर्सांत ती आपणहून कायच बोलूक नाय, फक्त इचारता."

खरं होतं ते. ती विचारायची. मी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं, माझी बाजू मांडण्यासाठी आणलेली बाई म्हणून नव्हे, तर होडीत बसून लोकांकडून देवाची हकीगत मागणारी बाई म्हणून. लोक तिला काय देत असतील? आणि मला एकदम चर्चची पायरी आठवली, जिथे मी लहानपणापासून गठ्ठा धरून उभी होते. माणसं पत्रकं कशी घेतात ते माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. दारू पिणारा दारूचं पत्रक बघतो आणि ते हळूच कठड्यावर ठेवून तेर्साचं घेतो. मुलाचं लग्न ठरलेला बाप हुंड्याचं घेत नाही. प्रत्येकजण आपल्याला न टोचणारं घेऊन घरी जातो.

"पपा," मी म्हणाले, "तिका कोणीच सगळा सांगूक नाय."

"म्हणजे?"

मग मी सांगायला लागले. तारीण आत जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. फादरांनी वाचायला सुरुवात केली. तिला वाटलं होतं, हे आपल्याकडे आहेच. पण वाचता वाचता अशी वाक्यं यायला लागली जी तिच्या होडीतून कधी आलीच नव्हती. मजुरीचं वाक्य आलं, आणि तिने पुढच्या बाकावरच्या भाटकाराची पाठ पाहिली. त्याने ते कधी तिच्यापर्यंत आणलं नव्हतं. भावाशी समेट करण्याचं आलं, आणि तिला दिसले ते दोघे भाऊ, जे तिच्या होडीत दोन टोकांना बसायचे. ज्याला जे टोचलं ते त्याने त्याच काठावर ठेवलं होतं, इतकी वर्षं. ती सगळं ऐकून परत होडीत आली. ओरडली नाही, कुणाला दोष दिला नाही. वल्हं हातात घेतलं आणि पहिल्याच खेपेला विचारलं, "फादरान काय सांगल्यान ता माका आता म्हायत आसा. तुमी काय सांगूक नाय, ता सांगा."

पपांनी तोंड दुसरीकडे वळवलं. मला वाटलं, आवडलं नाही. मग त्यांनी विचारलं, "भाटकारान काय सांगल्यान मगे?"

"ता अजून माका सुचाक नाय."

"मी काय गाळला असतंय, सांगू?" त्यांनी आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आंधळ्याक दिसाक लागता ता शुभवर्तमान. दर वर्सा येता. माका ता चर्चमधे बसान ऐकवत नाय. त्या दिवशी मी पोटात दुखता म्हणान घराकडेच रवतंय. तुमका कोणाक कळूक नाय."

मला खरंच कळलं नव्हतं. डोळे गेल्यापासून ते देवाबद्दल कधी तक्रारीचं बोलले नव्हते, आणि मी समजत होते की त्यांची तक्रार नाहीच.

"मगे तारणीक काय सांगतलास?" मी विचारलं.

"ह्याच," ते म्हणाले. "माका राग इलो म्हणान सांगतंय. आणि तरीय ती माका पलीकडे पोचयतली. होडयेतसून उतर म्हणाची नाय."

त्यानंतर चाळीसाच्या दिवसांत, उपासाच्या त्या आठवड्यांत, ते शुभवर्तमान आलं तेव्हा पपा माझ्याबरोबर मिस्सेला आले. संपेपर्यंत त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मला दुखत होतं, पण मी हात हलवला नाही. आणि हेही लिहिते, की त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हे त्यांनी वहिनीला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं.

त्या काळात मी पत्रकं लिहायची थांबवली नाहीत. मजुरीवरचं पुन्हा लिहिलं. या वेळी त्यात आमच्या वाडीतली एक बाई होती, बागेतून परत येताना वाटेत बसून पायातला काटा काढणारी. पपांनी ऐकलं आणि म्हणाले, "शेवटचे तीन परिच्छेद काढ." मी आनंदाने काढले. पत्रक शेवटी बोट करतं ते मला अजूनही हवंच आहे. फक्त आधी कुणाला तरी दिसायला हवं की बोट कुणाकडे आहे.

मे महिन्यात वहिनी आली. आल्या दुपारीच ती पडवीत पपांजवळ रातांबे फोडायला बसली. मी पलीकडे पसरलेली सालं उन्हात उलटत होते.

"पपानु, फुडचा सुचला हां माका," ती म्हणाली. "आयका. तारीण दारात उभी. फादर वाचूचे थांबले. सगळ्या लोकांनी मागे वळान बघल्यानी, आणि सगळ्यात फुडच्या बाकार बसलेली भाटकारीण उठली, आणि तिका हाताक धरून..."

"तसा नाय झाला ता," पपा म्हणाले.

वहिनीचा हात थांबला. "म्हणजे?"

"ती मागेच उभी रवली. भिंतीक टेकान. बाकार बसाक नाय."

"कोणी सांगल्यान?"

पपांनी तिला सगळं सांगितलं. भिंत, भावांची दोन टोकं, परतीची खेप, तारणीचा नवा प्रश्न. मी सांगितलं होतं त्यापेक्षा बरं सांगितलं. मध्ये भाटकाराला एक शिंकही दिली, जी माझी नव्हती. आपण काय गाळलं असतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ते सांगत होते तेव्हा वहिनी त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. ती नजर मी ओळखली. आरशात पाहिली नसली तरी कित्येक दुपारी ती मला माझ्या डोळ्यांमागे जाणवली होती. तिचे ओठ दाबले गेले होते आणि रातांब्याच्या रसाने लाल झालेली बोटं तिने मुठीत घेतली होती. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"माझी तारीण ती," ती शेवटी म्हणाली.

"अर्धी ठेवन गेलंस तू तिका," मी म्हणाले. "घराक लागता म्हणतत."

"मी येवन पुरी करतलंय होतंय."

"भाटकारणीक बाकावरसून उठवन?"

पपांनी मध्ये पडायला हवं होतं. ते पडले नाहीत. भिंतीला डोकं टेकून दोघींचं ऐकत राहिले, आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मला तेव्हा मुळीच आवडलं नाही.

वहिनीने आणखी दोन रातांबे फोडले, बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. तिसरा हातात धरून ठेवला.

"मगे भाटकारान काय सांगल्यान?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून.

ते मला एव्हाना सुचलं होतं. मी हातातली सालं खाली ठेवली, पण लगेच बोलले नाही. ती वर बघेपर्यंत थांबले.